चहा घेऊन येणारी मेलेली बाई

जगात घडलेली एकही गोष्ट आमच्या मावसाजींनी घडली तशी कधी सांगितलेली नाही, आणि त्यामुळे जगाचं काडीचंही नुकसान झालेलं नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. मुक्काम अकोला. उभा जन्म एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या दोन गुडघ्यांशी भांडण्यात चालला आहे. गल्लीत कुणाकडेही इंग्रजी कागद आला की तो आधी यांच्याकडे यायचा आणि मावसाजी तो वाचून मराठीत सांगायचे. सांगायचे कसले, सुधारून द्यायचे! शेजारच्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खोक्यात बारीक अक्षरांचा कागद निघाला. मावसाजींनी तो भिंगाखाली धरला, दोनदा मान डोलावली आणि जाहीर केलं की ही गोळी घेणाऱ्यानं रोज संध्याकाळी कुणाशी तरी तासभर बोलत बसावं असं कंपनीनं लिहिलं आहे. गृहस्थ महिनाभर यांच्याच ओट्यावर बोलत बसले आणि ठणठणीत बरे झाले. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "अरे राजा, कागदावर चक्कर, उलट्या, अंगावर पुरळ, सारं लिवलं होतं. तसंच वाचून दाखवलं असतं तं माणूस कागदानंच मेला असता न!"

असे किती सांगू? समोरच्या घरी नवा फ्रिज आला, तेव्हा त्याच्या पुस्तिकेत "पहिल्या दिवशी आत श्रीखंड ठेवून ते गल्लीत वाटावं" असं निघालं. आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं. रेडिओवरच्या इंग्रजी कॉमेंटरीत आपले फलंदाज मावसाजींच्या भाषांतरात नेहमी पंधरा-वीस धावा जास्त काढायचे, आणि सामना हरला की त्याचा दोष रेडिओवर जायचा. त्यांची आणखी एक खोड होती. गोष्ट ऐन रंगात आली की ते चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसायला घ्यायचे. आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो. चष्मा निघाला की समजायचं, आता कुणीतरी मरणार.

त्यांच्या सगळ्या गोष्टींची महाराणी म्हणजे सिनेमाची गोष्ट. सिनेमा म्हणजे तरी काय, विलायतेत टीव्हीसाठी कधीकाळी केलेली तासाभराची भुताची गोष्ट. चाळीस वर्षांपूर्वी मावसाजींनी गल्लीतला पहिला टीव्ही घेतला आणि थोड्याच दिवसांत ती इंग्रजी गोष्ट लागणार असं त्यांना कळलं. आठवडाभर त्यांनी दवंडी पिटली. "कच्च्या काळजाच्या माणसानं येऊ नये" असं सांगितल्यामुळे झाडून सगळी गल्ली आली. दारं-खिडक्या बंद करून खोलीत पंचवीस माणसं कोंबलेली, मावसाजी टीव्हीच्या शेजारी उभे राहून वाक्यावाक्याचं वऱ्हाडी करून सांगताहेत, आणि ऐन वेळी लाइन गेली! दिवे गेले, टीव्ही गेला. पण मावसाजींनी ती गोष्ट म्हणे मूळ पुस्तकात वाचलेली होती, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनी तिथेच अंधारात उभं राहून सांगितलं. त्या गोष्टीत एक जुनं घर आहे. घराची मालकीण मेलेली आहे, हे घरात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला ठाऊक नाही. ती रोज त्याला चहा आणून देते. पावलांचा आवाज येत नाही, कपाचा येतो. आणि जाताना दाराशी थांबून एवढंच विचारते, "कडी लावली का?" का येते, तर बिचारी ज्या संध्याकाळी मेली त्या संध्याकाळी कडी लावायची राहून गेली होती, आणि त्या काळजीनं तिला मुक्ती नाही. मी ही गोष्ट पन्नासदा तरी ऐकली असेन. लहानपणी मावशीनं चहा आणला तरी मी आधी तिच्या पायांकडे बघायचो.

या गोष्टीवर मावशीचा संसार उभा आहे असं ती स्वतः सांगते. मावशी अंजनगाव सुर्जीची. लग्न होऊन चार महिने झाले होते आणि तिला अकोला बिलकुल आवडलं नव्हतं. ऊन आवडलं नाही, पाणी आवडलं नाही आणि सकाळी उठल्यापासून बोलणारा हा नवराही आवडला नाही. तिची ट्रंक भरून तयार होती, सोमवारी भाऊ न्यायला येणार होता, आणि ती परत येणार नव्हती. रविवारी संध्याकाळी हा सिनेमा झाला. सोमवारी भाऊ आला, कढी-गोळे खाऊन एकटाच परत गेला. मावशी म्हणते, "ज्या घरची बाई मेल्यावर बी कडी पायले येते, त्या घरातून जित्यापणी काहून जा?" तेव्हापासून रोज दिवेलागणीला मावशी आतून विचारते, "कडी लावली का?" आणि मावसाजी म्हणतात, "लावली." चाळीस वर्षांत एक संध्याकाळ चुकलेली नाही.

आता मावशीचे डोळे जात चालले आहेत. काचबिंदू. नळीतून बघावं तेवढंच मधलं काय ते दिसतं, आणि तेही दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशी रडली-बिडली नाही. तिनं मला फोन केला आणि दिसतंय तोवर काय काय बघायचं ते सांगून टाकलं. माहेरचं दार. बहिणीच्या नातीचं तोंड. "आन् त्या सिनेमाचा शेवट. लाइन गेली म्हून राह्यला. थे बाई दाराशी येते न, थे मले माह्या डोयानं पायची हाय. तुह्या त्या इंटरनेटवर सापडते का पाय बेटा."

मी अमरावतीला राहतो, कॉलेजात नोकरी करतो, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती, मला दुसरं काम काय? आठ दिवस शोधलं आणि सापडला! मावसाजी सांगायचे तोच जिना, तेच मोठं घड्याळ, चहाचा ट्रे घेतलेली ती बाई. मी हर्षवायू झाल्यासारखा तिथल्या तिथे मावशीला फोन लावला, रविवारी घेऊन येतो म्हणून सांगून टाकलं आणि मग, शहाणा मी, सिनेमा बघायला बसलो. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांची आणखी बदनामी कशाला. पाऊण तास माणसं खुर्च्यांवर बसून घराच्या भाडेपट्ट्यावर बोलतात. चहा पितात. पुन्हा भाडेपट्टा, पुन्हा चहा. ट्रेवाली बाई ही मेलेली नाही, मालकीण तर नाहीच नाही. ती तिथली स्वयंपाकीण आहे, चांगली खातीपिती, हसरी, आणि शेवटपर्यंत जिवंत. भूत वेगळंच आहे. ते शेवटी एकदाच येतं, पांढरी चादर पांघरून, आणि चादरीखाली त्याचे पॉलिश केलेले बूट दिसतात! मग सगळे घराला कुलूप लावून मोटारीतून निघून जातात आणि स्वयंपाकीण रुमाल हलवते. कडीचं नावही कुणी काढत नाही.

मी मावसाजींना फोन केला आणि सिनेमा पाहिल्याचं सांगितलं. मावसाजी गप्प बसलेले मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं तर हे दारात. गुडघ्यांना पट्टे बांधून, मूर्तिजापूरवरून एस.टी.नं, एकटे. पाणीही न पिता बसले आणि म्हणाले, "तुह्या मावशीले दाखवू नको."

"पण मावसाजी, झालं काय होतं?"

"अरे, अर्धा घंटा मी खरंच सांगतलं. भाडेपट्टा, भाडेपट्टा! लोक जांभया देऊन राह्यले. दोघं-चौघं उठले. आठवडाभर मी साऱ्याइले बोलावून राह्यलो, आन् हे असं? मंग मी एका बाईले मारलं. फोटो होता भितीवर, म्हटलं हे मालकीण होय, मेली. लोक बसले खाली. आन् मंग थेच फोटोसारखी दिसणारी बाई चहा घेऊन आली न बाप्पा! आता काय करतो? म्हटलं, थेच होय! मेलेली! अख्खी खोली किंचायली." इथे एवढ्या काळजीतही त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर तेज आलं. मग ते पुन्हा विझले. "पण थे बाई जाईचना. हसून राह्यली, बिस्कुटं खाऊन राह्यली. मी म्हटलं, पाणी पिऊन येतो, आन् ओसरीत जाऊन फ्यूज काढला."

"म्हणजे लाइन गेलीच नव्हती?"

"नाही." त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. "त्या गोष्टीवर थे राह्यली, राजा. चाळीस वर्षं झाले. आता जाता जाता डोयानं हे पायलं, तं थे काय म्हनन? का सारा खोट्याचाच संसार केला?"

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो माझा स्वतःचा. कुणी सांगितलं होतं आधी फोन करायला! मी मावशीला "फाइल खराब निघाली" म्हणून बघितलं. ती म्हणाली, "खराब तं खराब, जेवढी हाय तेवढी आण." तिनं आवाजात असं काही आणलं की माझी पुढे बोलायची हिंमत झाली नाही. रविवारी मी पेन ड्राइव्ह खिशात घालून अकोल्याला गेलो.

दुपारचे तीन. बाहेर अकोल्याचं ऊन, आत पडदे ओढून केलेला अंधार, कूलरची घरघर. मावशी टीव्हीपासून दोन हातांवर खुर्ची घेऊन बसली, मोठ्या भिंगाचा चष्मा लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून. शेजारी कच्च्या चिवड्याचं ताट होतं, त्याला कुणी हात लावला नाही. मी तिच्या बाजूला. मावसाजी ओसरीच्या दाराजवळ. सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांतच तिनं माझं मनगट जे धरलं ते धरलंच.

आणि मावसाजी सांगायला लागले. आधी अडखळत, मग सरावानं. पडद्यावर दोन साहेब भाडेपट्ट्याचे कागद चाळत होते आणि मावसाजी सांगत होते की पहिला दुसऱ्याला विचारतो आहे, या घरात याआधी कोण कोण राहिलं आणि त्यातले किती जण पायांनी चालत बाहेर गेले. भिंतीवरचा फोटो दिसला. "हे मालकीण. हिले जाऊन वर्ष झालं." जिन्यावर कॅमेरा नुसता उभा होता, कुणी येत नव्हतं, जात नव्हतं. मावसाजी हलक्या आवाजात म्हणाले, "आयका. पावलाचा आवाज येत नाही. कपाचा येते." आणि खरंच कप वाजला. मी सिनेमा आधी पाहिलेला माणूस, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मावशीची नखं माझ्या मनगटात रुतली.

बाई आली. तिनं ट्रे ठेवला, आणि मग दुष्टासारखी तिथेच रेंगाळली. साहेबाशी हसून बोलली. कुत्र्याला बिस्किट भरवलं. मावशीनं मान वळवली. "मेलेल्या बाईवर कुत्रं कसं भुकत नाही जी?"

मी मोकळ्या हातानं रिमोट जवळ ओढला.

"घरचं पायलेलं कुत्रं होय न थे," मावसाजी म्हणाले. "मालकिणीले ओयखते."

"हां," मावशी म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली.

पण किती वेळ रेटणार? चादरीखालचे ते बूट आता पाच मिनिटांवर आले होते. मला मिनिटं पाठ झाली होती. मी मावसाजींकडे बघितलं तर त्यांनी चष्मा काढला होता. पुसत नव्हते, नुसता हातात धरून बसले होते. मग ते खुर्चीचा हात धरून उठले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले, आणि माठ स्वयंपाकघरात असताना ओसरीकडे गेले. माझ्या लक्षात आलं. मी उठायला गेलो तर मावशीनं मनगट सोडलं नाही. बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि स्टुलावर! देवा, नुसता खाली येऊ दे रे याला. लाकूड करकरलं. मग काही नाही. मग खट!

कूलर बंद पडला.

टीव्ही चालूच राहिला.

मावशीला अंधारात ठेच लागू नये म्हणून मीच महिन्यापूर्वी त्या घरात दिवे-टीव्हीपुरता इन्व्हर्टर बसवून दिला होता. तेव्हापासून एकदाही लाइन गेली नव्हती आणि इन्व्हर्टर नावाची वस्तू मावसाजींच्या ध्यानातही नव्हती. ते धापा टाकत दारात आले आणि जागीच थिजले. पडद्यावर जिन्याच्या वर एक पांढरी चादर हलायला लागली होती. ती एक पायरी उतरली. दुसरी उतरली. खाली दोन काळे, चकचकीत बूट. मावशी टक लावून बघत होती. पडद्याचा उजेड तिच्या चष्म्याच्या काचांवर लख्ख पडला होता. मावसाजींचा हात नुसता वर आला, थांबा म्हटल्यासारखा.

"आता वं माय!" मावशी म्हणाली. "लाइन गेली न!"

मी तिच्याकडे बघितलं. भूत पडद्यावर बूट वाजवत चाललं होतं आणि ती त्याच्याचकडे बघत बोलत होती.

"कवाच पुरा होत नाही हा सिनेमा. ऐन टायमाले लाइन जाते. पाय रे, टीव्ही बी बंद पडला."

मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. खोलीत अंधार झाला.

"या जी, बसा इथी," मावशी म्हणाली. "सांगा पुढचं."

मावसाजी आले, तिच्या शेजारी बसले, आणि त्यांनी सांगितलं. तीच गोष्ट, तेच दार, तीच बाई. माझ्या पन्नास वेळांमध्ये इतकी चांगली ती त्यांनी कधी सांगितली नव्हती. शेवटी त्या बाईला मुक्ती मिळते, कारण घरातला माणूस पहिल्यांदा तिला उत्तर देतो. एवढंच म्हणतो, "लावली."

नंतर मी फ्यूज पुन्हा बसवला, आणि मावशी चहा करायला उठली तेव्हा तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. ती डब्यांची झाकणं चाचपत साखर शोधत होती. मी हळूच विचारलं, "मावशी, तुला दिसलं ना सगळं?"

"भुताचे बूट बी दिसले."

"मग?"

"मंग काय? मले तवा बी दिसलं होतं. पाणी आणाले मी बाहेर अंगणात गेली होती, पायते तं हे स्टुलावर चढून फ्यूज काढून राह्यले. समोरच्या घरी उजेड होता." तिला साखर सापडली. "माही ट्रंक भरलेली होती. म्हटलं, पंचवीस लोकाइचा हिरमोड होऊ नये म्हून जो माणूस आपल्याच घरात अंधार करते, थो बायकोचा हिरमोड कसा होऊ देईन? ट्रंक खाली केली." मग चहा गाळता गाळता म्हणाली, "त्याइले सांगू नको. तेवढंच भेव असू दे माणसाले."

दिवाळी होऊन गेली. मावशीला आता उजेड-अंधार एवढंच कळतं. माहेरचं दार तिनं पाहिलं, नातीचं तोंडही पाहिलं. संध्याकाळी दोघं टीव्ही लावून बसतात आणि मावसाजी तिला सांगत असतात. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती आणि मावसाजी सांगत होते की अंजनगावला पानमळ्यात पाणी सोडलं आहे, वेली छातीइतक्या झाल्या आहेत, आणि मळ्याच्या कडेला धुऱ्यावर एक पोरगी उभी आहे, थेट तुझ्यासारखी. मावशी म्हणाली, "खरं सांगून राह्यले का?" ते म्हणाले, "मंग का खोटं? टीव्हीवर हाय." ती हसली आणि तिनं त्यांचा हात चाचपून धरला. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

दिवेलागण झाली. मावशीनं विचारलं, "कडी लावली का?"

"लावली," मावसाजी म्हणाले. गुडघे त्या दिवशी फारच धरले होते, ते खुर्चीतून हललेही नव्हते. ओसरीचं दार उघडंच होतं, मला बसल्या जागेवरून रस्ता दिसत होता. मी उठलो, दार लोटलं आणि आवाज होणार नाही अशी कडी लावली.